डोळ्यातली खिडकी

१

सकाळी दुकान उघडलं की कोनादू आधी स्क्रीन पुसायची, मग खुर्ची, आणि वेळ उरलाच तर फरशी. कुमासी शहरात, बांतामा भागातल्या मोठ्या रस्त्याला लागून, एक टायरवाला आणि एक शिवणकाम करणारी बाई यांच्या मधोमध तिची ती एकच खोली होती. दाराशेजारी आडव्या काचपट्ट्यांची खिडकी. पाच पट्ट्यांपैकी तिसरी कधीतरी फुटली होती आणि तिच्या जागी दुधाच्या पावडरीच्या खोक्याचा पुठ्ठा खोचलेला होता. पुठ्ठ्यावरची गाय घाईघाईत उलटी बसली होती, ती तशीच राहिली. विजेचा पॉइंट समोरच्या भिंतीला असल्यामुळे कोनादूला खिडकीकडे पाठ करून बसावं लागायचं. दुपारी स्क्रीनवर फार चमक आली की ती डोक्यावरून टॉवेल घेऊन काम करायची.

खोलीचा अर्धा भाग बादूमामाचा. तो काही तिचा सख्खा मामा नव्हे, पण सगळा बांतामा त्याला मामाच म्हणायचा. चाळीस वर्षं त्याने पिठाच्या पोत्यांवर सिनेमाची पोस्टरं रंगवली. आता तो गाड्यांच्या पाठीवर वचनं आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि उरलेला वेळ कोनादूच्या कामाला नावं ठेवायचा.

कोनादूचं काम म्हणजे साध्यासुध्या माणसांना सिनेमात नेऊन बसवणं. वाढदिवस असो, पदवी असो, कुणाचं आठव्या दिवसाचं सुतक असो, लोक फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, त्या सिनेमातल्यासारखं कर. कुणाला खांद्यावरून राख होऊन उडून जायचं असे, कुणाला अर्धा चेहरा मातीसारखा भेगाळलेला हवा असे. बाकीचे पोस्टरवाले अशी तयार चित्रं उतरवून घ्यायचे. कोनादूला ते पटायचं नाही. राखेसाठी तिने पांढऱ्या चादरीवर कोळसा चुरून त्याचे फोटो काढले होते. भेगा माहेरच्या, एफिदुआसे गावातल्या सुकलेल्या डबक्याच्या होत्या, आणि धूर कोपऱ्यावर केंके, म्हणजे मक्याचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या बाईच्या चुलीचा. तिची राख खरी वाटायची, त्याचं कारण ती राखच होती.

त्या वर्षी एका सिनेमाने सगळ्या शहराला वेड लावलं होतं. त्याच्या पोस्टरवर एकच भलामोठा चेहरा होता आणि त्याच्या डोळ्याच्या बाहुलीत जळणारं घर. कोनादूने खोक्याचं घर करून ते मागच्या गल्लीत जाळलं, फोटो काढले, आणि ते घर बुबुळाच्या गोलाईला वाकवून, वर ओलसर झाक देऊन असं बसवलं की खुद्द बादूमामा गप्प झाला. मग रांग लागली. चार महिने तिने दुसरं काही केलंच नाही.

घर बसवण्याआधी डोळ्यात जे असेल ते पुसावं लागतं. हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण प्रत्येक फोटोत माणसाच्या डोळ्यात काहीतरी असतं. दिवा असतो, दार असतं, फोटो काढणारा असतो. कोनादू डोळा मोठा करून बघायची आणि तिला मजा वाटायची. नवऱ्याने काढलेल्या फोटोत बायकोच्या डोळ्यात छपराचा मोठा तुकडा असायचा. पोराने काढलेल्यात आभाळच जास्त. हे सगळं ती बारीक ब्रशने पुसून टाकायची, आणि काळ्या कोऱ्या डोळ्यात आग लावायची.

तिची सात वर्षांची मुलगी आडोमा एफिदुआसेला आजीकडे राहायची. तासाभराची वाट. दर शनिवारी येते म्हणून कोनादू फोनवर सांगायची, आणि दर शनिवारी कुणाचं तरी पोस्टर आडवं यायचं.

२

बुधवारी फ्रेमाबाईंचं काम होतं. केजेतियाच्या बाजारात कापड विकणाऱ्या या बाईंची साठी होती आणि डोळ्यात आग हवी असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. फोटो त्यांच्या मुलाने सुन्यानीत, त्याच्या घरी, साध्या मोबाइलवर काढलेला. कोनादूने उजवा डोळा पडदाभर मोठा केला, ब्रश हातात घेतला, आणि तिचा हात तसाच राहिला.

डोळ्यात खिडकी होती. पाच आडव्या पट्ट्या, चार उजळ आणि तिसरी काळसर. काळसर पट्टीवर काहीतरी छापलेलं होतं. तिने आणखी मोठं केलं. अशा मोबाइलच्या फोटोत इतकं मोठं केल्यावर नुसते रंगीत चौकोन दिसायला हवे होते. ते दिसलेच नाहीत. दिसली ती गाय, आणि तिचे पाय वर होते.

कोनादूने मागे वळून आपल्या खिडकीकडे पाहिलं, मग पुन्हा स्क्रीनकडे. तिला हसू आलं. चमक होती, दुसरं काय. खिडकीची चमक काचेवर पडतेय आणि आपण ती डोळ्यात बघतोय. तिने टॉवेल घेतला, डोकं आणि स्क्रीन दोन्ही त्याच्याखाली झाकलं. आत गरम अंधार झाला आणि त्या अंधारात फ्रेमाबाईंच्या डोळ्यातली खिडकी जास्तच उजळली.

मग तिला वाटलं, आपण कधीतरी उजेडासाठी या खिडकीचे फोटो काढले असतील आणि त्यांतला एखादा लेअर चुकून इथे येऊन पडला असेल. तिने फाईल बंद केली आणि फोनवर आलेला मूळ फोटो नव्याने उघडला. खिडकी होतीच.

तिने ती पुसली. ब्रश फिरला तशी खिडकी गेली, बाकीच्या डोळ्यांतलं जातं तशीच मुकाट. वर जळणारं घर बसवलं आणि काम पाठवून दिलं. दिवसभर मात्र तिचा उजवा गुडघा टेबलाखाली हलत राहिला. बादूमामा दोनदा म्हणाला की तुझ्या पायाने माझा ब्रश थरथरतोय, ‘देव’ लिहायला घेतलंय आणि ‘देवा रे’ होतंय. तिने पाय धरून ठेवला. सोडला की तो पुन्हा हलायला लागायचा.

संध्याकाळी तिने फ्रेमाबाईंना फोन केला, पोस्टर आवडलं का विचारलं, आणि बोलता बोलता त्यांच्या मुलाच्या घरच्या खिडक्यांचा विषय काढला. फ्रेमाबाईंना खिडक्यांचं कौतुक करायला हवंच होतं. सरकत्या, ॲल्युमिनियमच्या, अख्ख्या काचेच्या आहेत म्हणाल्या. पण तो फोटो घरात काढलेलाच नव्हता. आवारात काढलेला, आंब्याखाली.

३

गुरुवारी सकाळी आलेला फोटो एका मास्तरांचा होता. शनिवारी त्यांचा आठवा दिवस होता. धाकट्या भावाने ओळखपत्रावरचा जुना फोटो आणला होता, बारा वर्षांपूर्वीचा. बारा वर्षांपूर्वी कोनादूचं हे दुकान नव्हतं, आणि ही खोली टायरवाल्याची अडगळ होती.

भाऊ समोर बसलेला असताना तिने डोळा मोठा केला नाही. बाकीचं सगळं आवरलं. कोट काळा केला, मागे ढग आणले, नाव लिहिलं. तो निघून गेल्यावर ती उठून पाणी प्यायली, परत बसली आणि डोळा मोठा केला.

खिडकी होती. उलटी गाय होती. आज खिडकीच्या अलीकडे तिची खुर्चीही होती आणि खुर्चीत कुणीतरी बसलेलं होतं. पिवळा ब्लाउज, मानेवर एकत्र बांधलेल्या बारीक वेण्या. कोनादूने स्वतःच्या अंगावर पाहिलं. पिवळाच ब्लाउज होता.

यात घाबरण्यासारखं काय, असं तिने स्वतःला विचारलं. चकाकत्या वस्तूत बघणाऱ्याचं प्रतिबिंब पडणारच. डोळा चकाकतो. फोटोतला डोळा चकाकत नाही हे तिला कळत होतं, तरी तो विचार तिने बाजूला सारला, कारण तिला दुसरंच काहीतरी खुपत होतं आणि काय ते हाताला लागत नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग ध्यानात आलं.

वेण्या दिसत होत्या.

ती स्क्रीनकडे तोंड करून बसली होती. डोळ्यात तिचं तोंड दिसायला हवं होतं. दिसत होती ती पाठ. डोळ्यातली बाई खिडकीकडे तोंड करून बसली होती, जराशी पुढे वाकून, कुणाची तरी वाट बघणारं माणूस बसतं तशी.

कोनादूने हात वर केला. त्या बाईने केला नाही. कोनादूने मान हलवली, खांदे हलवले. वेण्या जिथल्या तिथे.

तिने बादूमामाला हाक मारली. तो रंगाचे हात पुसत आला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि नाक काचेला टेकेपर्यंत जवळ गेला. त्याला दोन पांढरे ठिपके दिसले. असे ठिपके आपण आगपेटीच्या काडीने द्यायचो, सगळ्यात शेवटी, हे त्याने पुन्हा एकदा सांगितलं. मग चष्मा वर सरकवून त्याने तिच्याकडेच बघितलं.

"तुझे डोळे बघ आधी. लाल झालेत. जा, पोरीला भेटून ये."

"शनिवारी जाते, मामा."

"कुठल्या शनिवारी ते सांग. माझ्या आठव्याचं पोस्टर झालं की मग?"

मामा परत आपल्या पाटीकडे गेला.

तिने तो फोटो आक्राला लांप्तेकडे पाठवला. लांप्ते तिच्याबरोबर शिकलेला, नजरेचा पक्का. त्याचं उत्तर लगेच आलं. डोळ्यात फ्लॅशचा ठिपका आहे, फोटो जुना आहे, मोठा केला तर फुटतो. तुला काय दिसतंय, असं त्याने विचारलं होतं. कोनादूने लिहिलं, काही नाही, आणि मास्तरांच्या डोळ्यातली ती बाई पुसायला घेतली. खिडकी गेली, गाय गेली. वेण्यांपाशी ब्रश आला तेव्हा तिने मागे हात नेऊन आपल्या वेण्या चाचपल्या.

४

दुपारी तिने काचवाल्याला बोलावून तिसरी पट्टी नवी बसवून घेतली. गाय केराच्या डब्यात गेली. इतक्या महिन्यांत जे काम झालं नव्हतं ते पंधरा मिनिटांत झालं. टायरवाला येऊन म्हणाला, आता दुकान श्रीमंत दिसतं.

काचवाला गेल्यावर कोनादूने एक जुना फोटो उघडला, गेल्या महिन्यातल्या एका नवरीचा. तिच्या डोळ्यात पाचही पट्ट्या स्वच्छ होत्या. खुर्ची रिकामी होती. पिवळा ब्लाउज खिडकीपाशी उभा होता, एक हात पट्ट्यांवर, बोटं दोन पट्ट्यांच्या फटीतून बाहेर.

कोनादू त्या खुर्चीत बसलेली होती. तिने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. प्लास्टिक कोमट लागत होतं. खोलीत पंख्याची घरघर होती, बाहेर टायरवाल्याचा हातोडा होता, बादूमामाच्या रेडिओवर फुटबॉलची बडबड होती. आणि तिच्या खालून, अगदी हलकाच, खुर्चीच्या स्प्रिंगचा आवाज आला. ती खुर्ची तिच्याकडे सहा वर्षं होती. बसताना ती एक आवाज करायची आणि उठताना दुसरा. हा उठतानाचा होता.

ती तशीच बसून राहिली. उठली तर तो आवाज पुन्हा येईल की येणार नाही, आणि यातलं कुठलं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना.

शुक्रवारी तिने आठ फोटो उघडले. कामासाठी दोन पुरेसे होते. एक तान्हं मूल, एक फुटबॉल खेळणारा, चर्चच्या गायकांमधल्या तिघी, दोन म्हातारे, आणि शेवटी एक पासपोर्टचा फोटो, कुणाचा होता देव जाणे. आठही जणांच्या डोळ्यात तीच खोली होती. खिडकी होती, रिकामी खुर्ची होती, आणि खिडकीशेजारचं दार अर्धवट उघडं होतं. कोनादूने मागे पाहिलं. तिच्या मागचं दार लोटलेलं होतं.

मग ती भराभरा पुसत सुटली. आठ जणांचे सोळा डोळे तिने काळे केले, आत आगसुद्धा लावली नाही. बादूमामा जेवायला हाक मारत होता. केंके गार झालं, मिरचीच्या वाटणावर माशी बसली, तरी ती उठली नाही. तिला सारखं वाटत होतं की आपण दारच पुसतोय, आणि पुसलेल्या दारातून ती बाई आत परत कशी येणार.

५

शनिवारी ती सातलाच दुकानात आली. कोपऱ्यावर पेजवाली बसली होती. कोनादूने नेहमीसारखं भांडं पुढे केलं, तर बाई म्हणाली की आत्ताच तर नेलीस, दोघींपुरती. पोरीला गोड आवडते म्हणून साखर जास्त घालून मागितलीस. कोनादूने तिला आपण आत्ताच येतोय असं सांगितलं. पेजवालीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, भांड्यात पळी ओतली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दुकानात तिने मशीन चालू केलं नाही. स्क्रीन पुसला, खुर्ची पुसली, फरशी दोनदा पुसली. खिडकीच्या पट्ट्या उघडल्या, मिटल्या. पेज तशीच राहिली.

नऊच्या सुमाराला बादूमामा आला. दारात तिला बघून तो थांबला.

"तू उतरलीस होय?"

"कशातून?"

"गाडीतून. एफिदुआसेच्या ट्रोट्रोत बसलीस ना सकाळी लवकर, स्टँडवर? पुढच्या सीटवर होतीस, ड्रायव्हरशेजारी. मी हात केला, तू बघितलंसुद्धा नाहीस. म्हटलं, गेली बाई एकदाची."

"मी सातपासून इथेच आहे, मामा."

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. आपलीही नजर आता गेली, वेणीवाली प्रत्येक बाई सारखीच दिसते, असं काहीबाही पुटपुटत तो ब्रश शोधायला लागला. ब्रश त्याच्या हातातच होता.

कोनादूने फोन काढला. तिची आई सेरवा फोन उचलायला नेहमीच वेळ लावायची. हात धुवायचे, पुसायचे, चष्मा शोधायचा. आज दुसऱ्याच घंटीला उचलला. मागे अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता, आणि आडोमाचं हसणं.

"आई, मी बोलतेय."

"कोण?"

"कोनादू."

तिकडे आईने कोंबड्यांना हाकललं.

"कोनादू आत आहे," आई म्हणाली. "पोरीचे केस विंचरतेय. आपण कोण बोलताय?"

६

ट्रोट्रो ही भाड्याची मिनीबस, भरेपर्यंत निघत नाही. कोनादू तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसली आणि उरलेल्या जागा भरताना एकेका माणसाकडे बघत राहिली. कोंबडी घेतलेली बाई, दोन विद्यार्थी, एक पाद्री. पाद्री फार सावकाश चढला. तिला त्याला हाताला धरून आत ओढावंसं वाटलं.

गाडी सुटल्यावर तिचं डोकं थोडं चालायला लागलं. आईचं वय झालं होतं. गेल्या वर्षी तिने एकदा शेजारणीला मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. आत कुणी असेल तर ती चुलतबहीण असेल. लांबून दोघी सारख्या दिसतात असं सगळेच म्हणायचे. पेजवालीचा गोंधळ झाला, मामाची नजर अधू आहे. आणि डोळ्यांचं म्हणाल तर चार महिने तिने रोज दहा-बारा तास माणसांच्या डोळ्यांत आग लावली होती. असं करणाऱ्याला काहीबाही दिसणारच. एकेक कारण बरोबर होतं. ती सगळी तिने दोनदा ओळीने मांडली. दुसऱ्यांदा मांडताना चुलतबहीण कॅनडात असते हे तिला आठवलं.

एजिसूच्या पुढे रस्ता खराब होता. धुळीने काचा लाल झाल्या. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर एक जाडा माणूस बसला होता आणि तो सारखा चुळबुळत होता. शेवटी तो क्लीनरला म्हणाला की ही सीट ओली कशाने झालीय, कुणीतरी पेज सांडलीय इथे.

ही तीच गाडी होती. परत येऊन पुन्हा निघालेली.

कोनादूने डोळे मिटले. आडोमा समोर आली की काय करायचं ते ती ठरवत होती. आधी तिला उचलायचं. काहीही विचारायचं नाही, आत बघायचंही नाही. पोरीला उचलायचं आणि पहिल्या गाडीने परत फिरायचं. आई रागावली तर रागावू दे.

७

अंगण झाडलेलं होतं. सेरवा सावलीत बसून ताडाची फळं सोलत होती. पावलांचा आवाज ऐकून तिने वर पाहिलं, फळांची परात बाजूला सारली आणि उठून भिंतीशी टेकवलेलं बाक पुढे ओढलं.

"या," ती म्हणाली. "बसा."

"आई," कोनादू म्हणाली.

त्या गावात म्हाताऱ्या बाईला कुणीही आईच म्हणतं. सेरवा अनोळखी माणसाकडे बघून हसावं तशी हसली, आणि अंगावरच्या कापडाच्या टोकाने बाकावरची धूळ झटकली.

कोनादू बसली नाही. मी कोनादू, ती म्हणाली. शांतपणे म्हणायचं ठरवलं होतं तसंच म्हणाली. ती जन्मली तेव्हा घराचं छप्पर उडालं होतं आणि तिला धान्याच्या टोपलीत ठेवलं होतं, हे सांगितलं. आडोमाच्या डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली आहेत, हे सांगितलं. सेरवाने सगळं मान हलवत ऐकून घेतलं.

"तुम्ही तिच्या मैत्रीण दिसता," ती म्हणाली. "बोलते ती सगळं, लपवून ठेवत नाही. पोस्टरसाठी आलात का? आज नको म्हणेल हो. आता काही दिवस ते काम नाही करणार, म्हणाली. डोळे फार दुखतात तिचे."

आईचा चेहरा स्वच्छ होता. भ्रमिष्ट माणसाच्या नजरेत जो धुरळा असतो तो नव्हता. कोनादू तिला ओलांडून दाराकडे निघाली. दाराला निळा पडदा होता, आणि आतून वेण्या घालताना मोजतात तसं कुणीतरी हळू आवाजात मोजत होतं. सेरवाने तिला अडवायला हात आडवा धरला, पण तोही पाहुणीला धरावा तसा, न लागता.

"आत नका जाऊ. थकून आलीय. चार महिन्यांनी आलीय माझी पोर."

कोनादूने पडदा धरला. तो ओढला गेला नाही. पलीकडूनही कुणीतरी तो धरलेला होता. कापडातून तिच्या बोटांना बोटं लागली, कोमट, काहीशी घामेजलेली. कापडाच्या काठावर ती बोटं वळून बाहेर आली होती. उजव्या तर्जनीचं पेर आतल्या बाजूला चपटं झालेलं, माऊस धरून धरून होतं तसं. तो हात कोनादूने सहा वर्षं रोज, दिवसभर, समोर पाहिला होता. मोजणं थांबलं होतं. पलीकडून श्वास येत होता. तो घाबरलेल्या माणसाचा नव्हता. दारावर कुणी आलं आणि ते जाईपर्यंत आपण थांबतो, तसा तो थांबला होता.

तिने पडदा सोडला. आपण का सोडला हे तिला नंतर कधी सांगता आलं नसतं. ती दोन पावलं मागे आली आणि बाक गुडघ्याला लागलं तशी बसली.

पडद्याखालून आडोमा बाहेर आली. अर्ध्या डोक्याच्या वेण्या झाल्या होत्या, अर्धे केस मोकळे उभे होते. मळकट फ्रॉक, पायात चपला नाहीत. तिने माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, बाकापर्यंत आणलं. पाहुण्यांसमोर वाकावं तशी ती जराशी वाकली.

"पाणी घ्या, मावशी."

कोनादू पुढे झुकली. तिला फक्त पोरीचे डोळे बघायचे होते. एकदाच, जवळून, त्यांत काय दिसतं ते. पण मोठ्यांच्या डोळ्यांत बघू नये हे कोनादूनेच तिला शिकवलं होतं, आणि पोर शहाणी होती. तिने पापण्या खालीच ठेवल्या. तिला उचलायचं होतं हे कोनादूला आठवत होतं. हात पेल्याला धरलेले होते.

ती पाणी प्यायली. पेला रिकामा झाल्यावर आडोमाने तो दोन्ही हातांनी परत घेतला. सेरवा समोरच्या स्टुलावर बसली, अंगावरचं कापड सावरलं आणि प्रत्येक पाहुण्याला विचारतात ते तिने विचारलं.

"इथे आमच्याकडे सगळं शांत आहे. तुमचं येणं कशासाठी झालं?"

आतून हाक आली. "आडोमा, ये गं. अर्ध्या राहिल्यात."

"आले, आई," आडोमा म्हणाली आणि पळत पडद्याआड गेली.

सेरवा उत्तराची वाट बघत होती. कोनादूने तोंड उघडलं. सांगायचं सगळं तिच्या जिभेवर तयार होतं. पण ओठांतून बाहेर पडलं ते वेगळंच. दुसऱ्याच्या अंगणात बसून पाणी प्यायलेल्या माणसाने जे म्हणायचं असतं ते.

"तिकडेही सगळं शांत आहे," ती म्हणाली. "विशेष काही नाही. या वाटेने चालले होते, म्हणून घटकाभर टेकले."